रिपोर्टवर सात आठवडे, दीर रजेवर येऊन जेमतेम साडेपाच

कोरेगावची_थोरली
२४ नोव्हेंबर, रात्री ९.४०

गाव लहान आहे म्हणून वेगळं खातं काढून लिहितेय. आम्ही कोरेगाव तालुक्यातले. धाकटे दीर फौजेत, सध्या पोस्टिंग पार ईशान्येकडं. लग्नाला दीड वर्ष झालं. दिवाळीच्या रजेवर १६ ऑक्टोबरला आले, ६ नोव्हेंबरला परत गेले. ते गेल्यावर दोन दिवसांनी जावेनं घरीच लघवीची पट्टी बघितली, दोन रेघा आल्या. शेजारीपाजारी साखर वाटून झाली.

आज साताऱ्याला सोनोग्राफी केली. सगळं ठीक आहे म्हणाले, ठोकेही दिसले. पण रिपोर्टवर लिहिलंय ७ आठवडे १ दिवस. संध्याकाळी चुलत सासूबाई आल्या होत्या. त्यांच्या कॉलेजातल्या नातीनं रिपोर्ट वाचला आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून मोजायला बसली. १६ तारखेपासून आजपर्यंत ३९ दिवस, म्हणजे साडेपाच आठवडे. मग वरचा दीड आठवडा कुठला?

कुणी काही बोललं नाही. चुलत सासूबाई अर्धा चहा टाकून उठल्या, एवढंच. जाऊ न जेवता झोपलीय. भाऊजींना अजून रिपोर्ट पाठवलेला नाही. जाऊ कशी आहे ते मला माहीत आहे, माझा प्रश्न तिच्याबद्दल नाही. मला फक्त हा हिशेब कुणीतरी नीट समजावून सांगा, म्हणजे उद्या सकाळी मी तो घरात मांडू शकेन. डॉक्टरांना परत भेटायचं तर गुरुवार उजाडेल.

सडेतोड_सातारी
रात्री १०.०५

ताई, मशीन खोटं बोलत नाही. समजून घ्या. फौजी माणूस तिकडं

*पुढचा मजकूर काढला आहे. कुणाच्या घरातल्या बाईबद्दल असलं लिहिणं इथं चालणार नाही. – संचालक*

स्त्रीरोग_मिरज
रात्री १०.५०

ताई, उद्याची वाट बघू नका. आत्ता जाऊन जावेला उठवा आणि जेवायला वाढा. रिपोर्ट बरोबर आहे, तुमच्या तारखाही बरोबर आहेत, आणि दोन्हींत काडीचाही विरोध नाही.

मशीन खोटं बोलत नाही हे सातारकरांचं म्हणणं मला मान्य आहे. फक्त मशीन आठवडे मोजत नाही. ते मोजतं गर्भाची लांबी, डोक्यापासून ढुंगणापर्यंत, मिलिमीटरमध्ये. रिपोर्टवर बघा, ‘सीआरएल’ असं लिहून पुढं १० मिलिमीटरच्या आसपास आकडा असेल. त्या लांबीपुढं किती आठवडे छापायचे हे मशीनमध्ये भरलेल्या तक्त्यावरून ठरतं. आणि तो तक्ता शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेला असतो, गर्भ राहिला त्या दिवसापासून नाही.

पाळी २८ दिवसांची असेल तर स्त्रीबीज साधारण चौदाव्या दिवशी सुटतं. त्याच्या आधी गर्भ राहणं शक्यच नाही. म्हणजे रिपोर्टमधले पहिले दोन आठवडे पोटात काहीच नसतं, तरी ते मोजले जातात. सगळ्यांचे मोजले जातात. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात स्त्रीबीज आणि शुक्राणू एकत्र कधी आणले ते प्रयोगशाळेत लिहून ठेवलेलं असतं, त्यात शंकेला जागाच नसते. तिथंही आम्ही त्या दिवशी ‘२ आठवडे पूर्ण’ असंच धरतो.

आता तुमचा हिशेब. ७ आठवडे १ दिवसातून २ आठवडे वजा करा. राहिले ५ आठवडे १ दिवस, म्हणजे ३६ दिवस. आजपासून ३६ दिवस मागं गेलं की १९ ऑक्टोबर. भाऊजी घरात होते.

हा आकडा दिवसागणिक तंतोतंत नसतो. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी ५ ते ७ दिवस पुढंमागं होऊ शकते, आणि स्त्रीबीजही दर महिन्याला घड्याळ लावून सुटत नाही. पण तुमच्या बाबतीत तेवढ्या खोलात जायची गरज पडेल असं वाटत नाही. एकच विचारते. आजपासून ५० दिवस मागं गेलं की ५ ऑक्टोबर येते. जावेची शेवटची पाळी त्याच सुमाराला आली होती का?

कोरेगावची_थोरली
रात्री ११.१५

डॉक्टर, ५ ऑक्टोबरच! कोजागिरीच्या आदल्या दिवशी. मला पक्कं आठवतंय, कारण आमच्याकडं सासूबाई अजून चार दिवस पाळतात. कोजागिरीला मसाला दूध आटवायला जाऊ स्वयंपाकघरात नव्हती, सगळं माझ्यावर पडलं होतं. सासूबाईंनीच तिला बाहेर ओसरीवर पेला नेऊन दिला.

तिला उठवलंय. पिठलं-भाकरी खातेय. तुमचं लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं.

सिस्टर_आटपाडी
२५ नोव्हेंबर, सकाळी ६.२०

मग आता तुमच्या सासूबाईच साक्षीदार झाल्या की! ५ तारखेला पाळी आली हे त्यांनी स्वतः पाहिलंय. रिपोर्ट त्याच तारखेपासून मोजलेला. त्यांना तेवढंच विचारा, “कोजागिरीला ही बाहेर बसली होती ना? डॉक्टर लोक तिथनं मोजायला सुरुवात करतात.” बाकीचं शास्त्र नंतर.

मी आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. आमच्या दुष्काळी पट्ट्यात गलाईवाले फार. नवरा सोनं-चांदी गाळायच्या दुकानात, कुठं तामिळनाडूत तर कुठं आसामात, आणि बाई गावाकडं. यात्रेला नाहीतर दिवाळीला येणार, पंधरा-वीस दिवस राहून जाणार. त्यामुळं ही भानगड मी किती घरांत निस्तरली याची मोजदाद नाही. पूर्वी सोनोग्राफी नव्हती तेव्हा हा प्रश्नच यायचा नाही, कारण सगळे पाळी चुकली तिथनंच बोटं मोजायचे. कागदावर आठवडे छापून यायला लागले आणि घराघरांत गणितं सुरू झाली.

तारीख विचारताना बाया इंग्रजी तारीख सांगत नाहीत. “संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी”, “बेंदराला (म्हणजे आपल्याकडच्या बैलपोळ्याला) मी कडेला होते” असं सांगतात. आम्ही कॅलेंडर पुढं ठेवून त्यावरून तारीख काढायचो. आणि खरं सांगते, ही सणावारावरून काढलेली तारीख आठवून आठवून सांगितलेल्या तारखेपेक्षा जास्त भरवशाची निघायची.

जीवशास्त्र_मास्तर
सकाळी ८.१०

कऱ्हाडात शाळेत शिकवतो. पुनरुत्पादनाचा धडा वर्गात निम्मे शिक्षक “घरी वाचा” म्हणून उरकतात, आणि मग घरोघरी अशी कॅलेंडरं भिंतीवरून उतरतात.

पाळीपासून मोजायचं कारण साधं आहे. रक्तस्राव सुरू झालेला दिवस बाईला दिसतो, कळतो. बीज फळलं तो क्षण कुणालाच कळत नाही, त्या बाईलासुद्धा नाही. शिवाय ही मोजणी रुजली तेव्हा आत काय घडतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. सस्तन प्राण्याचं बीजांड पहिल्यांदा नजरेस पडलं १८२७ साली, कार्ल फॉन बेअर यांना, तेही कुत्रीचं. शुक्राणू आणि बीजांड यांची केंद्रकं एकत्र येताना ऑस्कर हर्टविग यांनी पाहिली १८७६ मध्ये, समुद्री अर्चिन नावाच्या प्राण्यात. पाळीच्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवून बाळंतपणाची तारीख काढायची रीत मात्र जर्मन डॉक्टर नेगेले यांच्या नावानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालत आलीय. आजही दवाखान्यात तीच वापरतात. तुमच्या जावेची तारीख त्या हिशेबानं १२ जुलै.

रजेच्या तारखा तुम्ही दिल्याच आहेत, तर त्याच तारखांवर आत काय काय घडलं असेल ते मांडतो. १९ ऑक्टोबर हा दिवस अंदाजाचा आहे हे लक्षात ठेवून वाचा.

५ तारखेपासून गर्भाशयाचं जुनं अस्तर गळून पडलं. ते संपताच नवं अस्तर तयार व्हायला लागलं आणि इकडं बीजकोशात एक बीज पिकायला लागलं. १९ च्या सुमारास ते बाहेर पडलं. हे बीज मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं, म्हणजे नजर चांगली असेल तर टिंबासारखं दिसेल इतकं. त्याचं आयुष्य १२ ते २४ तास. शुक्राणू मात्र बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणून १६ ला आलेल्या माणसामुळं १९ ला गर्भ राहण्यात काहीच नवल नाही. महिन्यातले असे जेमतेम सहाच दिवस असतात, बीज सुटण्याआधीचे पाच आणि सुटण्याचा तो एक.

गर्भ गर्भाशयात राहतो असं आपण म्हणतो, पण त्याची सुरुवात तिथं होत नाही. बीजवाहिनीच्या रुंद भागात, बीजकोशाजवळ ती होते. कोट्यवधी शुक्राणूंपैकी काही शेच तिथवर पोचतात आणि एकच आत शिरतो. तो शिरला की बीजाभोवतीचं कवच बदलतं आणि बाकीच्यांना दार बंद. आईची २३ आणि बापाची २३ गुणसूत्रं एकत्र येऊन ४६ होतात.

मग दीडेक दिवसात एकाच्या दोन पेशी, दोनाच्या चार. २२-२३ ऑक्टोबरला, म्हणजे तुमच्याकडं पाडवा-भाऊबीज चालू असताना, तो सोळा-एक पेशींचा गोळा बीजवाहिनीतून गर्भाशयाकडं सरकत होता. गंमत म्हणजे या दिवसांत पेशी वाढतात पण गोळ्याचा आकार वाढत नाही, त्याच कवचात त्या लहान लहान होत जातात. पाचव्या दिवशी आत पाण्याची पोकळी तयार होते आणि पेशींचे दोन तट पडतात. आतल्या झुबक्यातून पुढं बाळ होतं, बाहेरच्या थरातून वार, म्हणजे बाळाला पोसणारा अवयव. साधारण २५ तारखेला तो कवच फोडून बाहेर आला आणि अस्तराला चिकटून आत रुतायला लागला. हे रुतणं चार-पाच दिवस चालतं. तोवर बाईच्या शरीराला गर्भ आहे याचा पत्ताही नसतो.

बाहेरच्या थरातल्या पेशी रुतताना एक संप्रेरक सोडतात, एचसीजी. बीजकोशाला त्याचा निरोप असा की अस्तर गळू देऊ नको. म्हणून २ नोव्हेंबरला यायची पाळी आली नाही. लघवीच्या पट्टीवर उमटते ती दुसरी रेघही याच एचसीजीची.

६ तारखेला तुमचे दीर गाडीत बसले तेव्हा गर्भ दोन मिलिमीटरही नव्हता. पण त्याचे तीन थर पडलेले होते. वरच्या थरातून कातडी आणि मेंदू-मज्जारज्जू, मधल्यातून हाडं, स्नायू, हृदय, रक्त, आतल्यातून आतडी, यकृत, फुप्फुसांचं अस्तर. १० नोव्हेंबरच्या आसपास हृदयाच्या साध्या नळीनं पहिले ठोके टाकले असतील. काल तुम्हाला पडद्यावर दिसले ते हेच.

निवृत्त_सुभेदार
सकाळी ९.३०

मास्तर, वर्गात असं शिकवता म्हणजे पोरं भाग्यवान.

थोरल्या सूनबाई, मी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त, अपशिंग्याकडचा. उसाचं वय आपण लागणीच्या दिवसापासून धरतो, कोंब वर आल्यापासून कुणी धरत नाही. चुलत सासूबाईंना एवढं सांगितलं तरी पटेल, त्यांचा जन्म रानात गेलाय.

दिराला रिपोर्ट आजच पाठवा. सोबत ५ ऑक्टोबर ही तारीख लिहा. आणि एक. तो तिकडं एकटा नसतो, बराकीत दहा जण असतात. मोबाईलवर रिपोर्ट आला की शेजारचा डोकावतो, आणि बराकीतलं गणित तुमच्या घरातल्यापेक्षा वाईट असतं. म्हणून आधी फोन करून समजावा, मग कागद पाठवा. शक्य असेल तर सासूबाईंनाच फोनवर बोलू द्या. आईनं सांगितलं की विषय संपतो.

रजेचंही आत्ताच बघायला सांगा. १२ जुलै म्हणजे १२ जुलैलाच होईल असं धरून तिकीट काढू नये.

स्त्रीरोग_मिरज
दुपारी २.१५

सुभेदारसाहेबांचा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. दिलेल्या तारखेला बरोब्बर जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच. ३७ आठवडे पूर्ण झाले की बाळंतपण वेळेतलं धरतात. तुमच्याकडं ते २१ जूनपासून पुढं कधीही.

मास्तरांनी इतकं छान लिहिलंय की मला भर घालायला थोडंच उरलं. दोन गोष्टी मात्र सोडून चालणार नाहीत.

एक, तो गोळा बीजवाहिनीतून सरकतो, पण कधीकधी तिथंच अडकून रुततो. याला नळीतला गर्भ म्हणतात. शंभरात एक-दोन जणींच्या बाबतीत होतं. पट्टीवर दोन रेघा येतात, उलट्याही होतात, सगळं नेहमीसारखं वाटतं. पण ओटीपोटात एका बाजूला दुखत असेल, थोडं थोडं अंगावरून जात असेल, चक्कर येत असेल, खांद्याच्या टोकाशी कळ येत असेल तर रात्र असली तरी निघा. नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन जीव जातो. पहिली सोनोग्राफी आम्ही एवढ्यासाठीच करतो, गर्भ पिशवीतच आहे ना ते बघायला. तुमच्या जावेचं ते बघून झालंय.

दोन, मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून होतात ती नळी गर्भ राहिल्यापासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. तुमच्या तारखांनी १६ नोव्हेंबर. तोपर्यंत बहुतेक बायका डॉक्टरकडं पोचलेल्याच नसतात. ही नळी नीट मिटावी म्हणून फोलिक ॲसिड लागतं, रोज ४०० मायक्रोग्रॅम, आणि ते गर्भ राहण्याच्या आधीपासून सुरू असेल तरच खरा उपयोग. नवरा रजेवर येणार आहे, मूल हवंय, हे दोन महिने आधी माहीत असतं ना? मग गोळी तेव्हाच सुरू करा. जिथं दिवाळीची तारीख धरून संसार चालतो त्या घरांना हे सगळ्यात सोपं जायला हवं. जावेनं घेतली नसली तर घाबरू नका, आजपासून घ्या, आणि १८ ते २० आठवड्यांची सविस्तर सोनोग्राफी चुकवू नका. तीत पाठीचा कणा बघतात.

मुक्ता_सांगलीवाडी
दुपारी ४.००

माझं बरोबर उलटं झालंय. पाळीवरून ९ आठवडे, सोनोग्राफी म्हणते ७. बाळ वाढत नाही की काय या धास्तीनं काल रात्रभर जागी. माझी पाळी नेहमीच चाळीस-बेचाळीस दिवसांनी येते.

स्त्रीरोग_मिरज
दुपारी ४.४०

तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ साधारण दोन आठवडे, त्यात फारसा फरक पडत नाही. पाळी लांबते ती बीज उशिरा पिकतं म्हणून. चाळीस दिवसांच्या पाळीत बीज सव्विसाव्या दिवसाच्या सुमाराला सुटणार, चौदाव्या नाही. म्हणजे तुमचा गर्भच बारा दिवस उशिरा राहिला. ठोके दिसले असतील तर आता तारीख सोनोग्राफीची धरायची आणि कार्डावर तीच लिहून घ्यायची, नाहीतर शेवटी “दिवस उलटून गेले” म्हणून उगाच कळा आणायची घाई होते.

ठोके दिसले नसतील तर आठ-दहा दिवसांनी परत सोनोग्राफी. तोवर नेटवर शोधत बसू नका.

मुक्ता_सांगलीवाडी
दुपारी ४.५५

दिसले! १३२ म्हणाले. डॉक्टर, तुमचे उपकार कसे फेडू.

कोरेगावची_थोरली
रात्री ८.३०

सगळ्यांना सांगायला आले. सकाळी सासूबाईंना कोजागिरीचं विचारलं. त्या म्हणाल्या, “होती की बाहेर, मीच दूध नेऊन दिलं.” मग मी कॅलेंडरवर ५ तारखेला पेनानं गोल केला आणि तिथून आठवडे मोजून दाखवले. सात आणि वर एक. त्या बराच वेळ कॅलेंडरकडं बघत राहिल्या आणि मग एकदम उठून चुलत सासूबाईंकडं गेल्या. तिथं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, पण दुपारी तिकडून आवळ्याचं लोणचं आलं.

फोनही सासूबाईंनीच केला. भाऊजींना काही शंकाच नव्हती, ते आपले “जुलै म्हणजे पावसाचं, गाडी मिळंल ना दवाखान्यात न्यायला” याच काळजीत.

आता माझाच एक प्रश्न. सासूबाई जावेला पाण्याची घागर उचलू देत नाहीत, जिना चढू देत नाहीत. त्यांच्या बहिणीचं पूर्वी तिसऱ्या महिन्यात पडलं होतं, ते धुणं पिळल्यामुळं असं त्या म्हणतात.

स्त्रीरोग_मिरज
रात्री ९.२०

लोणचं पोचलं म्हणजे दिलजमाई झाली.

सुरुवातीच्या तीन महिन्यांत गर्भ पडण्याचं प्रमाण लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त आहे, पट्टीवर कळलेल्या दर शंभरांत दहा ते पंधरा. त्यातल्या निम्म्याहून अधिक वेळा कारण गुणसूत्रांचं असतं. जोडणी होतानाच एखादं कमी-जास्त होतं आणि तो गर्भ पुढं वाढूच शकत नाही. धुणं पिळल्यानं, जिना चढल्यानं, एसटीत हादरा बसल्यानं चांगला गर्भ पडत नाही. मावशींनी आयुष्यभर धुण्याला, म्हणजे पर्यायानं स्वतःला, दोष दिला असेल. जमलं तर त्यांनाही हे सांगा. भरलेली घागर मात्र नको, ते पाठीसाठी.

काल-आज सगळं पहिल्या सात आठवड्यांवरच बोललो. पुढचं भराभर सांगते, कारण जे घडायचं ते बरंचसं दहाव्या आठवड्यापर्यंत घडून गेलेलं असतं. तोवर सगळे अवयव आखले जातात, हातापायांची बोटं सुटी होतात. पुढचे तीस आठवडे मुख्यतः वाढीचे आणि पक्कं होण्याचे. बाराव्या आठवड्याला पाच-सहा सेंटिमीटर. विसाव्याला साधारण ३०० ग्रॅम, पहिलटकरणीला हालचाल अठरा-वीस आठवड्यांत कळते, दुसऱ्या खेपेला थोडी आधी. अठ्ठावीस आठवड्यांना एक किलोच्या आसपास, डोळे उघडझाप करायला लागतात. फुप्फुसं सगळ्यात उशिरा तयार होतात. चौतिसाव्या आठवड्याआधी जन्मलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होतो तो म्हणून.

मला स्वतःला सगळ्यात अचंबा वाटतो तो वारेचा. लोक तिला बाळंतपणानंतरची घाण समजून पुरून टाकतात. अर्धा किलोचा हा अवयव आईचा नसतो, बाळाचा असतो, बाळाच्याच पेशींपासून झालेला. तो आईच्या अंगात मुळं घालतो. आईचं रक्त त्या मुळांभोवती खेळतं, बाळाचं मुळांच्या आतून. मध्ये पातळ पडदा. रक्तात रक्त मिसळत नाही, पण प्राणवायू, साखर, लोह, आईची प्रतिकारशक्ती आत जाते आणि बाळाचा मळ बाहेर येतो. नाळेत तीन नळ्या असतात, दोन बाळाकडून वारेकडं आणि एक परत. आठव्या ते दहाव्या आठवड्याच्या सुमाराला गर्भ टिकवायचं काम वार बीजकोशाकडून आपल्याकडं घेते. उलट्या बहुतेकींच्या नवव्या आठवड्याला सर्वांत जास्त असतात आणि चौथ्या महिन्यात उतरतात. जावेला अजून काही आठवडे सोसावं लागेल. सकाळी उठल्या उठल्या कोरडं काहीतरी, भाकरीचा पापुद्रा, चुरमुरे, आणि मग पाणी.

आणखी एक. दोघांचा रक्तगट? फौजीचा गट नोंदलेला असतोच. जावेचा निगेटिव्ह आणि त्यांचा पॉझिटिव्ह असेल तर अठ्ठाविसाव्या आठवड्याला अँटी-डी इंजेक्शन लागेल. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर जन्मानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा.

रानवारा_तासगाव
रात्री १०.१०

मुलगा की मुलगी हे कितव्या आठवड्यात ठरतं?

जीवशास्त्र_मास्तर
रात्री १०.२५

कितव्या आठवड्यात नाही, पहिल्याच क्षणी. आईच्या बीजात नेहमी एक्सच असतो. बापाच्या शुक्राणूत एक्स किंवा वाय. कुठला पोचला त्यावर ठरतं. मुली झाल्या म्हणून सुनेला बोलणाऱ्यांनी हा बोल खरं तर स्वतःच्या मुलाला लावायला हवा, अर्थात तोही ते ठरवू शकत नाही.

संचालक
रात्री १०.३०

कसं ठरतं एवढ्यावर हा उपधागा थांबवू. कधी दिसतं, कुठं कळतं हे इथं विचारायचं नाही. १९९४ च्या गर्भलिंगनिदान-बंदीच्या कायद्यानं सांगणारा आणि विचारणारा दोघंही गुन्हेगार आहेत. म्हैसाळला २०१७ साली पुरलेले स्त्री-भ्रूण सापडले, ते आपल्याकडं कुणाला नव्यानं सांगायला नको.

विट्याचा_पैलवान
२६ नोव्हेंबर, सकाळी ७.००

मंडळीला पाचवा चालू हाय. तिला चुलीतली राख खाविशी वाटती, लपून माती पण खाती. आई म्हणती डोहाळे हायत, असूंदे. सरकारी लाल गोळ्या दिल्यात पण त्यानं शी काळी होती म्हणून बंद केल्यात.

सिस्टर_आटपाडी
सकाळी ७.४५

पैलवान, डोहाळे चिंच-कैरीचे असतात. राख-माती खावीशी वाटते ते बहुतेकदा अंगात लोह कमी असल्याचं लक्षण. हिमोग्लोबिन तपासा, ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, त्यात पाण्याचा वाटा जास्त, म्हणून तसाही आकडा खाली येतो. वर बाळ आपला वाटा ओढून घेतं.

शी काळी होते ती लोहामुळं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गोळी आजच सुरू करा. रोज एक, निदान १८० दिवस. रात्री जेवण झाल्यावर तासाभरानं लिंबूपाण्याबरोबर दिली तर मळमळत नाही आणि अंगी लागते. चहाबरोबर दिली तर फुकट. कॅल्शियमची गोळी दिली असेल तर ती वेगळ्या वेळी. माती खाल्ल्यानं जंत झाले असतील, जंताची गोळीही दुसऱ्या तिमाहीत देतात, सिस्टरना विचारा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरकडून फुकट तपासणी असते, पुढच्या ९ ला घेऊन जा. तुम्ही स्वतः जा बरोबर, आईला पाठवू नका.

विट्याचा_पैलवान
सकाळी ८.०५

जातो सिस्टर. पपई खाल्ली तर चालती का?

सिस्टर_आटपाडी
सकाळी ८.२०

पिकलेली खुशाल. कच्ची नको, तिच्यात चीक असतो.

आता कारखाने चालू झालेत म्हणून सगळ्यांनाच एक सांगते. तुमच्या रानात ऊसतोडीची टोळी उतरली असेल तर कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांत, एखादी गरोदर आहे का बघा. बीडकडून आलेली असेल तर तिचं कार्ड तिकडं गावी राहिलेलं असतं, इकडं तिची नोंद कुणाकडंच नसते. आणि ती सहा महिने मोळ्या उचलते. आशाताईला नुसता निरोप दिला तरी पुरतं. नोंद इथंही होते, धनुर्वाताची इंजेक्शनं इथंही मिळतात, आणि कळा सुरू झाल्या तर १०२ ची गाडी तिच्यासाठीही फुकट येते.

कोरेगावची_थोरली
सकाळी ९.१०

सिस्टर, आमच्या खालच्या पट्टीला कालच टोळी आलीय. दोघी दिसतायत. एकीला विचारलं तर म्हणाली पोळ्याला पाळी आली होती, त्यानंतर नाही. मोजून सांगाल?

सिस्टर_आटपाडी
सकाळी ९.२५

त्यांचा पोळा श्रावणातल्या अमावास्येला, आपल्या बेंदरासारखा आषाढात नाही. यंदा तो २२-२३ ऑगस्टला होता. आज २६ नोव्हेंबर. म्हणजे साडेतेरा आठवडे, चौथा महिना. लोहाच्या गोळ्या सुरू करायची हीच वेळ. आशाताईचा नंबर नसेल तर उपकेंद्रात जा, आजच.